पंखा चालू, अलार्म गप्प

प्रश्न : बेडरूमच्या छताला स्मोक डिटेक्टर बसवला आहे. विझवलेली मेणबत्ती खाली धरली, तर पंखा बंद असताना तो लगेच वाजतो. पंखा किंवा एसी चालू असला की वाजतच नाही. डिटेक्टर बिघडला आहे का?

उत्तर : बिघाड बहुधा डिटेक्टरमध्ये नाही, जागेत आहे. फोटोइलेक्ट्रिक डिटेक्टरच्या आत एक काळोखा कप्पा असतो. त्यात धुराचे कण शिरले की आतला प्रकाश विखुरतो, सेन्सरवर पडतो आणि अलार्म वाजतो. पंखा धूर खोलीभर पसरवून विरळ करतो. एसीचा झोत तर तो डिटेक्टरपाशी पोहोचूच देत नाही. म्हणून पंख्याच्या पात्याच्या टोकापासून आणि एसीच्या जाळीपासून निदान 3 फूट अंतर ठेवा. झोत थेट डिटेक्टरवर येत असेल, तर आणखी लांब सरकवा. मात्र अगदी कोपऱ्यात ढकलू नका. छत आणि भिंत मिळतात तिथे हवा साचून राहते. छतावर बसवताना भिंतीपासून किमान 4 इंच सोडा. भिंतीवर बसवायचा असेल, तर छताखाली 4 ते 12 इंचांच्या पट्ट्यात बसवा.

एक गोष्ट हमखास राहून जाते : डिटेक्टरमागचं वायरचं भोक. फॉल्स सीलिंगच्या पोकळीतली हवा तिथून खाली येत असेल, तर ती कप्प्यातून बाहेर वाहते आणि धुराला आत येऊ देत नाही. आधी वीज बंद करा, डिटेक्टर उतरवा, भोकाशी टिश्यूची पातळ पट्टी धरा. पट्टी फडफडली, तर भोक सिलिकॉनने बुजवा.

झोपताना पंखा लागतोच, म्हणून दाराबाहेर पॅसेजमध्येही एक डिटेक्टर लावा. दोन्ही एकमेकांना जोडलेले असले, तर उत्तम.

प्रश्न : महिन्यातून एकदा टेस्ट बटण दाबतो. तेवढं पुरे ना?

उत्तर : बटण दाबणं चालू ठेवा, पण त्यातून बॅटरी, सर्किट आणि भोंगा चालतो एवढंच कळतं. धूर आत शिरतो का, हे कळत नाही. त्यासाठी डिटेक्टर तपासण्याचा खास स्प्रे मिळतो. डब्यावर दिलेल्या अंतरावरूनच मारा. मेणबत्ती नको, काजळीने कप्पा खराब होतो. जाळीवरची धूळ व्हॅक्यूम क्लीनरच्या मऊ ब्रशने काढा. मागे छापलेल्या तारखेला 10 वर्षं झाली असतील, तर साफसफाईत वेळ न घालवता नवा बसवा.