आवडत्या सिनेमांची यादी आणि तिच्यापुढची कारणं

प्रश्न : मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय फिजिक्स. वडिलांचं शिवाजी उद्यमनगरात लेथचं वर्कशॉप आहे. मला दिग्दर्शक व्हायचंय. एफटीआयआय या पुण्याच्या सिनेमा शिकवणाऱ्या संस्थेच्या मुलाखतीत आवडते सिनेमे विचारतात असं ऐकलंय, म्हणून यादी केली आणि प्रत्येकापुढं कारण लिहिलं. मित्र म्हणतात, ‘सोंगाड्या’ काढ आणि कुरोसावा, तारकोव्हस्की असे परदेशी दिग्दर्शक घाल. वडील म्हणतात, पिक्चर बघणं हे काय काम आहे का? यादी सोबत जोडलीय. कशी सुधारू?
– एक विद्यार्थी, कोल्हापूर

उत्तर :

तुझी यादी दोनदा वाचली. नावं ठीकच आहेत, त्यातली बरीचशी तुझ्या वयाच्या कुठल्याही मराठी मुलाच्या यादीत सापडतील. मी थांबले ती कारणांपाशी. ‘फँड्री’पुढं तू लिहिलंयस, डुकरामागं धावणारं कुटुंब राष्ट्रगीत सुरू झाल्यावर जागच्या जागी उभं राहतं, ती जागा. ‘सैराट’पुढं, शेवटी बाळाच्या पावलांचे ठसे उमटतात तेव्हा आवाजच काढून टाकलाय. ‘किल्ला’पुढं, किल्ल्यात एकट्या सापडलेल्या पोराभोवतीचा पाऊस. ‘कोर्ट’पुढं, न्यायाधीश टंकलेखनासाठी मजकूर सांगतात ती एकसुरी लय. आणि ज्या ‘सोंगाड्या’वरून मित्र तुला हिणवतात, त्याच्यापुढं दादा कोंडके वाक्य कुठं तोडतात आणि हशा कधी येतो, हे तू अगदी बारकाईनं टिपलंयस.

यात गोष्ट कुठं आहे? कॅमेरा, रंग, नटांचे चेहरे कुठं आहेत? तू सगळीकडे कानानं सिनेमा बघितलास, आणि हे तुला कुणी शिकवलेलं नाही. दिग्दर्शन तुझ्यासाठी नाही, असं मी म्हणत नाही. सिनेमात जायचं म्हणजे दिग्दर्शकच व्हायचं, एवढाच रस्ता तुला दिसलाय म्हणून तू तो धरलास, असं मला वाटतं.

एफटीआयआयमध्ये ध्वनिमुद्रण आणि ध्वनिआरेखन (साउंड डिझाइन) असा स्वतंत्र अभ्यासक्रम आहे. त्याला पदवी लागते आणि बारावीला फिजिक्स असावं लागतं. तुझ्याकडं एक आहे, दुसरी दीड वर्षात हाती येईल. ज्या विषयाला कंटाळून तू सिनेमाकडं पळायला बघतोयस, तोच इथं तुझ्या उपयोगाचा आहे. पदवी अर्धवट सोडू नकोस. अर्ज भरताना त्या वर्षीचं पात्रतेचं पत्रक मात्र स्वतः वाच. कोलकात्याच्या सत्यजित राय संस्थेतही हे शिक्षण मिळतं.

यादीतून ‘सोंगाड्या’ काढू नकोस. आणि तारकोव्हस्की तू पाहिलेला नाहीस, तर तो घालू नकोस. नाव सांगितलंस की समोरचा दुसरा प्रश्न त्यातल्या एखाद्या प्रसंगाबद्दल विचारणार, आणि तिथं उसनं मत टिकत नाही. पण बघ मात्र जरूर. आपल्याकडं बाबुराव पेंटर फिल्म सोसायटी आहे, जगभरचे सिनेमे इथं मोठ्या पडद्यावर बघायला मिळतात. मोबाईलवर ध्वनीचं काम निम्मंही ऐकू येत नाही.

यादी बदलली तर घाबरू नकोस. ब्रिटनचं ‘साइट अँड साउंड’ मासिक दर दहा वर्षांनी समीक्षकांकडून जगातले उत्तम सिनेमे मागवतं. १९५२ साली पहिला होता ‘बायसिकल थीव्हज’, २०२२ साली शांताल आकेरमान या बाईंचा ‘जान डीलमान’. जगभरचे जाणकार मत बदलतात, तर विसाव्या वर्षी तू का बदलू नयेस?

तुझ्या यादीत ‘सोंगाड्या’च्या, म्हणजे १९७१ च्या आधीचं काहीच नाही, ही उणीव मला खरोखर खुपली. ‘अयोध्येचा राजा’ बघ. १९३२ साली प्रभात फिल्म कंपनीनं तो कोल्हापुरात केला, मराठीतला पहिला बोलपट. तेव्हा पार्श्वगायन नव्हतं. नट कॅमेऱ्यासमोर स्वतः गात, वाजवणारे चौकटीच्या बाहेर बसत आणि चित्र-आवाज एकाच वेळी टिपला जाई. विष्णुपंत दामल्यांनी ध्वनीची बाजू सांभाळली. हा सिनेमा डोळे मिटून दहा मिनिटं ऐक, मग उघड्या डोळ्यांनी बघ, आणि काय फरक वाटला ते लिही. प्रभात पुढं १९३३ मध्ये पुण्याला गेली. तू जिथं प्रवेश घ्यायचं म्हणतोयस, ती संस्था त्याच स्टुडिओच्या आवारात आहे.

आता वडील. ते रागावलेत, असं मला पत्रावरून वाटत नाही. त्यांना काळजी आहे आणि ती रास्त आहे. या कामात पगाराची तारीख नसते, सुरुवातीची वर्षं मुंबईत काढावी लागतात, एक काम संपलं की दुसरं शोधावं लागतं. हे त्यांच्यापासून लपवू नकोस. पण कामं कुठली असतात हेही सांग : सेटवर संवाद टिपणं, डबिंग, पावलांचे-भांड्यांचे आवाज नव्यानं करणं, शेवटचं मिक्सिंग. जाहिराती, मालिका, वेबसीरिज सगळ्यांना ही माणसं लागतात. एफटीआयआयमध्येच ध्वनी शिकलेल्या रसूल पुकुट्टींना २००९ साली ऑस्कर मिळालं, तेही सांग. आणि धातूचा जॉब कापताना लेथचा आवाज जरा बदलला की तुझे वडील कापायचं टूल बघायला जात असतील ना? तुझं काम त्याच जातीचं आहे, हे त्यांना कुणी सांगितलेलं नसेल.

या महिन्यात एवढंच कर. मोबाईलवर तीन जागा ध्वनिमुद्रित कर : गंगावेशीतला दूधकट्टा, मार्केट यार्डात गुळाचा सौदा आणि वडिलांचं वर्कशॉप. प्रत्येकी तीन मिनिटं, वर एक शब्दही बोलायचा नाही. सौदा आणि कट्टा टिपण्याआधी तिथल्या माणसांना विचार. मग ते वडिलांना ऐकव आणि ओळखायला सांग. त्यानंतर दोघं मिळून माझ्याकडं या. यादी आहे तशीच घेऊन ये, फक्त ‘अयोध्येचा राजा’पुढचं तुझं कारण तिच्यात लिहिलेलं असू दे.