मुलीला घेऊन इंग्लंडला निघालात तर तिची मराठी मागं ठेवू नका

कोरेगावच्या एका ताईंनी विचारलंय. मुलगी आठ वर्षांची आहे. ऐकू नीट येतं, समजतं सगळं, पण शब्द फुटत नाहीत. बोटानं दाखवून, हुंकार देऊन सांगते. नवऱ्याला इंग्लंडमध्ये नोकरी मिळतेय. 'तिकडं अशा मुलांना हक्क असतात म्हणे. जावं का? आणि तिथं राहून या मुलांच्या हक्कांसाठी जगाच्या पातळीवर काम करता येईल का? आणि एकटं नाही का वाटणार तिकडं?'

ताई, व्हिसा, त्याची फी, टीबीची तपासणी हे सगळं सरकारी साइटवर आहे, ते मी लिहीत नाही. तुमचा प्रश्न वाचल्यापासून दोन रात्री नीट झोप लागलेली नाही, म्हणून लिहायला बसलेय.

मी सांगलीच्या गावभागातली. मिरजेत नर्सिंग केलं आणि २०१७ मध्ये नवरा आणि सहा वर्षांचा मुलगा घेऊन इकडं आले. मुलाला सेरेब्रल पाल्सी आहे. हात त्याचं ऐकत नाहीत, जीभही ऐकत नाही. डोळे ऐकतात. डोळे वर नेले की होय, घट्ट मिटले की नको. ही रीत कुणा थेरपिस्टनं नाही, माझ्या सासूबाईंनी बसवली. जुन्या कपाटाच्या प्लायवर त्यांनी चित्रं चिकटवली होती: भाकरी, भडंग, नदीचा घाट, गणपतीचं देऊळ, आजी, आजोबांचा फोटो, 'पाठ खाजव'. चित्रावर बोट ठेवत जायच्या आणि त्याच्या डोळ्यांकडं बघायच्या. दुपारभर दोघांचं चालायचं. निघताना सामान वजनात बसेना, तेव्हा बोर्ड मागं ठेवला. म्हटलं, तिकडं त्याच्या वतीनं बोलणारं यंत्र मिळणार आहे, प्लाय कशाला.

यंत्र मिळायला तीन वर्षं लागली.

कागदांचं सांगते, कारण ते अजून जिरलेलं नाही. इथं मुलाला शाळेत काय मदत द्यायची हे एका कायदेशीर आराखड्यात लिहितात. २०१४ च्या कायद्यानं तो आला, लोक त्याला 'ईएचसीपी' म्हणतात. अर्ज केल्यापासून २० आठवड्यांत तो हातात पडायला हवा. आम्हाला १४ महिने लागले. पहिल्यांदा तर मुलाला तपासायलाच नकार आला. ट्रिब्युनलकडं, म्हणजे अशा वादांच्या न्यायालयाकडं, अपील केलं, तेव्हा हलले. तुम्ही एक लक्षात ठेवा: तुमच्या व्हिसावर 'सरकारी निधी नाही' अशी अट असेल, म्हणजे कायमच्या वास्तव्याचा शिक्का मिळेपर्यंत अपंगत्वाचा भत्ता मागता येणार नाही. पण शाळेतली मदत त्या निधीत मोडत नाही. आम्हाला एका बाईनं काउंटरवर सांगितलं, 'तुमचा व्हिसा बसत नाही', आणि आम्ही मान खाली घालून परत आलो. त्यात पाच महिने गेले. तुम्ही परत फिरू नका.

आराखडा आला की त्याचा 'सेक्शन एफ' दहा वेळा वाचा. शिक्षणातल्या मदतीचं सगळं तिथं असतं. 'स्पीच थेरपी उपलब्ध राहील' असं लिहिलं असेल तर मान्य करू नका. कोण देणार, आठवड्यातून किती वेळा, किती मिनिटं, हे आकड्यांत लिहून घ्या. आमच्या पहिल्या मसुद्यात 'गरजेनुसार' हा शब्द सात ठिकाणी होता. मी तो मोजला होता.

यापेक्षा खोल गेलेली गोष्ट वेगळी आहे. शाळेच्या पहिल्या अहवालात लिहिलं होतं, 'आकलन अत्यंत मर्यादित.' चाचणी इंग्रजीत घेतली होती, पोराला देशात येऊन चार महिने झालेले. समोर चार वस्तू ठेवल्या आणि विचारलं, स्पून कुठंय? त्याला चमचा माहीत होता, स्पून माहीत नव्हता. मी शेजारीच बसले होते. मला मध्ये बोलायचं नाही असं सांगितलं होतं, म्हणून मी बोलले नाही.

वर सल्ला मिळाला: घरी फक्त इंग्रजी बोला, दोन भाषांनी तो गोंधळेल. हे खरं नाही, ताई. दोन भाषा कानावर पडल्यानं मूल मागं पडत नाही. घरची भाषा सोडू नका, हे इथल्या चांगल्या थेरपिस्टच आता पालकांना बजावून सांगतात. पण तेव्हा आम्ही ऐकलं. मी नर्स, वरून आलेली सूचना पाळायची सवय अंगात मुरलेली. दोन वर्षं मी माझ्या लेकाला मोडक्या इंग्रजीत झोपवलं. त्याला अंगाई कळत होती, ती मी थांबवली. हे मी नवऱ्याशीसुद्धा कधी धड बोललेले नाही.

२०२० मध्ये यंत्र आलं. नजरेवर चालतं, पडद्यावरच्या चौकोनाकडं थोडा वेळ बघितलं की यंत्र तो शब्द बोलतं. घरात आनंद झाला, तो खोटा नव्हता. त्याच संध्याकाळी सांगलीला व्हिडिओ कॉल लावला. त्यानं नजर लावून लावून वाक्य जुळवलं आणि यंत्र एका इंग्रज मुलाच्या आवाजात म्हणालं, 'हॅलो ग्रँडमा.' सासूबाई गप्प झाल्या. मग विचारलं, 'हे कोण बोलतंय गं?' मी सांगितलं. त्या नेहमीसारख्या म्हणाल्या, 'जेवलास का रे?' त्यानं डोळे वर नेले. होय. पण यंत्राला वाटलं तो वरची ओळ निवडतोय. यंत्र म्हणालं, 'टेलिव्हिजन.' त्यानं पुन्हा डोळे वर नेले. 'टेलिव्हिजन.' तिसऱ्यांदा त्यानं डोळे मिटले ते मिटलेच.

त्यात तेव्हा मराठी आवाज नव्हता. आजीचं चित्र नव्हतं, भडंग तर नव्हतंच.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं माझं उत्तर तिथूनच सुरू होतं. मी या कामात पडले ती त्या 'टेलिव्हिजन'मुळं.

जगाच्या पातळीवर कागद भक्कम आहेत. अपंग व्यक्तींच्या हक्कांचा संयुक्त राष्ट्रांचा करार डिसेंबर २००६ चा. भारतानं तो १ ऑक्टोबर २००७ ला मान्य केला, ब्रिटननं २००९ मध्ये. म्हणजे या बाबतीत आपण आधी. त्याच्या दुसऱ्याच कलमात संवाद म्हणजे काय ते सांगितलंय: भाषा, ब्रेल, स्पर्श, मोठी अक्षरं, आणि बोलण्याला पूरक आणि पर्यायी अशा सगळ्या पद्धती. सासूबाईंचा प्लायचा बोर्ड त्यात बसतो. कलम २१ म्हणतं की माणसानं स्वतः निवडलेल्या पद्धतीनं बोलणं सरकारनं मानलं पाहिजे. आपल्या २०१६ च्या अपंग हक्क कायद्यातही संवादाची व्याख्या जवळजवळ हीच आहे. तुम्ही कोरेगावच्या शाळेत आजही हा कायदा पुढं करू शकता, त्यासाठी विमानात बसायची गरज नाही.

आणि हेही माहीत असू द्या, ब्रिटननं करार मान्य करताना काही जागा स्वतःसाठी राखून ठेवल्या, त्यातल्या दोन अशा: सर्वांसोबतच्या शिक्षणाच्या कलमावर आणि परदेशी माणसाच्या येण्या-राहण्याच्या कलमावर. तुमच्या मुलीचा संबंध नेमका त्या दोन कलमांशी येणार आहे. मला हे चार वर्षांनी कळलं. भारताचं उणं वेगळं आहे: आपण या कराराच्या पर्यायी प्रोटोकॉलमध्ये नाही, म्हणून साताऱ्यातल्या माणसाला या करारावर लक्ष ठेवणाऱ्या जिनिव्हाच्या समितीकडं स्वतःची तक्रार नेता येत नाही, ब्रिटनमधल्याला येते. पण समिती देशाचा आढावा घेते तेव्हा संस्था, पालक, स्वतः अपंग माणसं आपला वेगळा अहवाल पाठवू शकतात. भारताचा पहिला आढावा २०१९ मध्ये झाला. असं काम सातारा-सांगलीत बसूनही होतं.

आयझॅक म्हणून जागतिक संस्था आहे, १९८३ ची. पर्यायी संवादावर काम करणारे आणि त्या पद्धतीनं बोलणारे, दोघंही तिचे सभासद. ऑक्टोबर महिना त्यांचा जागृतीचा असतो. मी तशा एका बैठकीला गेले होते, कुठल्या ते राहू दे. प्रत्येकाला तीन मिनिटं होती. बोलणारा माणूस मिनिटाला सव्वाशे-दीडशे शब्द बोलतो. यंत्रावर १०-१५ जमले तर तो चांगला वेग. एका तरुणाची दोन वाक्यं जुळली आणि वेळ संपली. अध्यक्षांनी आभार मानले, टाळ्या झाल्या. वाक्य अर्धं राहिलं. संवादाच्या हक्काची बैठक होती ती. मी उठून म्हटलं, माझी तीन मिनिटं त्यांना द्या. आजवर केलेल्या कामात मला एवढंच निखळ वाटतं. बाकी वेळी मी मुलाच्या वतीनं बोलते, आणि त्यानं मला तसं सांगितलंय का, हा प्रश्न मनात राहतोच.

मिठू अलूर यांनी सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलीसाठी इंग्लंडची वाट धरली होती, मग परत येऊन १९७२ मध्ये मुंबईत अशा मुलांसाठी शाळा काढली. त्यांची मुलगी मालिनी चिब स्वतःसाठी बोलते, एका बोटानं टाइप करून. मी परत गेले नाही. जायला हवं होतं का, हे मला ठरवता येत नाही. इथं त्याला रॅम्प आहे, बस आहे, वर्गात माणूस आहे. तिथं आजी आहे.

एकटेपणाचं विचारलंत. थंडीत जास्त लागतो, एप्रिलमध्ये कमी होतो. स्वयंपाकघरात रेडिओ लावून ठेवा.

निघायच्या आधी करायचं ते सांगते. मुलीचे अहवाल इंग्रजीत, तारखेसकट घ्या, आणि त्यात 'मराठीतलं आकलन वयानुसार' हे वाक्य थेरपिस्टकडून लिहून घ्याच, तसं असेल तर. यूडीआयडी कार्ड, म्हणजे आपल्या सरकारचं अपंगत्वाचं ओळखपत्र, काढा. इथं कुणी विचारत नाही, सुट्टीवर गेल्यावर लागतं. ती आजीशी, शेजारणीशी, दुकानदाराशी कसं 'बोलते' त्याचे व्हिडिओ काढा, पाच-पाच मिनिटांचे. आकलन मर्यादित म्हणाले की तेच समोर ठेवा. तिचं बोट चालतं, म्हणजे आयआयटी मुंबईनं केलेलं जेलो हे चित्रांवर बोट ठेवून बोलायचं अ‍ॅप तिला वापरता येईल. मोफत आहे, मराठीतही आहे. आजच सुरू करा. आणि बोर्ड घरचा असला तर तो सामानात आधी ठेवा, लोणचं नंतर.

२०१९ च्या पुरात गावभागात आमच्या घरात पाणी शिरलं. सासूबाईंनी माळ्यावर देव चढवले आणि त्यांच्याशेजारी तो प्लाय. गेल्या गणपतीत आम्ही गेलो तेव्हा त्यांनी तो पुसून पुढं ठेवला. लेक आता माझ्या उंचीचा झालाय, मिसरूड फुटलंय. यंत्रात आता शेजारच्या पोराच्या आवाजात भरलेली मराठी वाक्यं आहेत, दीडशेच्या आसपास, पण ते त्यानं सुरूच करू दिलं नाही. आजीचं बोट चित्रांवरून फिरत गेलं. भाकरी, घाट, देऊळ, सगळ्यावर डोळे मिटत होता. आजोबांच्या फोटोवर आलं तेव्हा त्यानं डोळे वर नेले. आजोबा २०२१ मध्ये गेले. काय विचारायचं होतं त्याला, ते त्या बोर्डावर नव्हतं आणि यंत्रातही नव्हतं. सासूबाई त्याच्याजवळ सरकल्या आणि आजोबांच्या शेवटच्या आठवड्याचं सगळं सांगत बसल्या, मराठीत, तासभर. तो ऐकत होता. त्यातलं किती त्याला कळलं, हे मला विचारायचं धाडस झालं नाही.

मसुदा हातात आला की मला पाठवा, ताई. सेक्शन एफ मी वाचून देते.