‘खाजगीत केलं असतं तर मान नीट झाली असती का?’

“मॅडम, पैसे वाचवायला गेलो आणि पोरीची मान घालवून बसलो.” खुर्चीवर नीट टेकायच्या आतच आई हे बोलून गेल्या. मुलगी शेजारी बसली होती, बावीस वर्षांची, ओढणी हनुवटीपर्यंत ओढून घेतलेली. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

गॅसवर ओढणी पेटली आणि हनुवटीखाली, मानेवर खोल भाजलं. सरकारी रुग्णालयात मांडीची कातडी काढून मानेला लावली. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत बसल्यामुळे खर्च जवळपास झालाच नाही. पाच महिने उलटले होते. लावलेली कातडी काळसर, जाड दिसत होती आणि मान वर करताना ओढ बसत होती.

माझ्याकडे समुपदेशनासाठी येणाऱ्यांपैकी पुष्कळांना हाच प्रश्न पडलेला असतो: सरकारीत केलं म्हणून असं झालं का?

आईंनी मोबाइल पुढे केला. मामाच्या मुलीचा फोटो. गाडीवरून पडून तिची हनुवटी फाटली होती, खाजगीत टाके घातले, आता बारीक रेघ उरलीय. “बघा, पैसे टाकले की कसं होतं!” फोटो केव्हाचा, असं मी विचारलं. दोन वर्षांनंतरचा. म्हणजे एकीकडे स्वच्छ फाटलेली, त्याच दिवशी शिवलेली जखम आणि तिचा दोन वर्षांनंतरचा व्रण. दुसरीकडे खोल भाजणं आणि त्यावरची पाच महिन्यांची कातडी. व्रण मऊ पडून रंग बसायला वर्ष ते दीड वर्ष सहज जातं. मांडीची कातडी मानेच्या रंगाशी पूर्ण जुळत नाही आणि ती आकसते, मग शस्त्रक्रिया कुठेही झालेली असो.

“पण शिकाऊ डॉक्टरांनी केलं ना,” आई म्हणाल्या. ही भीती मला नेहमी ऐकू येते. हे ‘शिकाऊ’ म्हणजे बहुतेक वेळा सर्जरीत एम.एस. झालेले आणि नंतर प्लास्टिक सर्जरीचं तीन वर्षांचं एम.सीएच. करणारे डॉक्टर, वर वरिष्ठांची नजर. भाजलेले पेशंट त्यांच्या हाताखालून रोज जातात. मुंबईत सरकारी जे.जे. रुग्णालयात प्लास्टिक सर्जरीचा विभाग डॉ. नोशीर अँटिया यांनी उभा केला, कुष्ठरोग्यांची वाकडी झालेली बोटं, बसलेली नाकं तिथे दुरुस्त झाली. आज खाजगीत बसणारे कितीतरी सर्जन अशाच सरकारी नाहीतर महापालिकेच्या कॉलेजात तयार झालेत.

मग फरक काहीच नाही का? आहे, आणि तो मला या केसमध्येच दिसला. आईंच्या प्लास्टिकच्या पिशवीत घडी पडून मऊ झालेलं डिस्चार्ज कार्ड होतं. त्यावर इंग्रजीत एक ओळ: मानेचा स्प्लिंट चालू ठेवा, फिजिओथेरपी. मुलगी पहिल्यांदा बोलली, “तो पट्टा ना? रात्री उकडतं म्हणून काढून ठेवते.” आईंना हे माहीतच नव्हतं. मानेवरच्या कातडीसाठी तो पट्टा जेवण-अंघोळ सोडून जवळपास दिवसभर आणि रात्रीही, कित्येक महिने लावावा लागतो. नाहीतर उत्तम झालेली शस्त्रक्रियासुद्धा आकसून जाते. गर्दीच्या ओपीडीत कोणी समोर बसवून हे सांगितलं नव्हतं. इथे सरकारी व्यवस्था कमी पडली, असं मी त्यांना स्पष्ट म्हटलं. खाजगीत पैसे मोजून मिळतो तो वेळ, आडोसा, प्रत्येक खेपेला तोच डॉक्टर. सुई वेगळी मिळते असं नाही.

तरीही खाजगीत एकदा दाखवून या, असं मीच सुचवलं, कारण “दाखवलंच नाही” ही टोचणी आईंना झोपू देत नव्हती. जाताना चार प्रश्न लिहून दिले: प्लास्टिक सर्जरीत एम.सीएच. किंवा त्याच तोडीची डी.एन.बी. पदवी आहे का? शस्त्रक्रिया स्वतः करणार का? अशाच भाजलेल्या पेशंटचे वर्षभरानंतरचे फोटो दाखवाल का? पुन्हा ओढ आली तर तो खर्च कोणाचा? तिसरा सगळ्यात महत्त्वाचा. लगेच काढलेल्या, छान उजेडातल्या फोटोंवरून काही कळत नाही.

तिथल्या डॉक्टरांनी आत्ता काही कापायला नकार दिला. पट्टा, सिलिकॉन जेल, मालिश, व्यायाम, वर्षभराने बघू. आईंना हायसं वाटलं आणि थोडा रागही आला, “एवढं सांगायला फी घेतली!”

पुढची बैठक मी मुलीशी एकटीशी घेतली. तिला मानेच्या रंगाची फारशी फिकीर नव्हती. आई रोज सकाळी उजेडात नेऊन मान बघते, त्याचा तिला जाच होत होता. मान पाहायची ती रविवारीच, एकदाच, असं दोघींत ठरवून घेतलं. रात्रीचा पट्टा आता लागतो, आत सुती कापड घालून.

शस्त्रक्रिया करून मानेची ओढ सोडवायची वेळ आलीच तर सरकारीतच जायचं आणि रंगासाठी लेझर करायचं झालं तर खाजगीत, कारण निव्वळ दिसण्यासाठीचे उपचार योजनेत बसत नाहीत, एवढं त्यांचं ठरलंय. लेझरचे पैसे मामा द्यायला तयार आहे. आईंना ते घ्यायचे नाहीत, मुलीला घ्यायचेत. पुढच्या वेळी त्यावर बोलायचंय.