‘पुनर्कल्पना’, ‘पुनःकल्पना’ की ‘नवी मांडणी’?

आजच्या फ्रान्सची सांस्कृतिक ओळख व्यक्त करण्यासाठी कलाकार पारंपरिक पदार्थ ‘रीइमॅजिन’ करतात, अशा आशयाचे वाक्य एका वाचकाला मराठीत आणायचे आहे आणि त्यासाठी ‘पुनर्कल्पना’ हा शब्द चालेल का, असे त्यांनी विचारले आहे.

आधी शुद्धलेखनाचा मुद्दा. संस्कृत संधिनियमांनुसार ‘पुनर्’मधील ‘र्’ पुढे स्वर किंवा मृदू व्यंजन आल्यास टिकतो, म्हणून पुनरावृत्ती, पुनर्जन्म, पुनर्विवाह; पुढे क किंवा प आल्यास मात्र त्याचा विसर्ग होतो, म्हणून पुनःप्राप्ती आणि त्याच न्यायाने पुनःकल्पना. ‘पुनर्कल्पना’ हे रूप पुनर्रचना, पुनर्वसन यांच्या सवयीतून आले असावे. बोलण्यात ते खपून जाईल, पण छापताना मी ते टाळीन.

खरी अडचण अर्थाची आहे. कल्पना मनात राहते, आणि वाक्यातले कलाकार तर हाताने काहीतरी घडवत आहेत. फ्रेंचांकडे यासाठी बल्लवांचे स्वतःचे शब्द आहेत. नेहमीचा पदार्थ नव्या रूपात आला की त्याच्या नावापुढे ‘रव्हिझिते’ म्हणजे शब्दशः ‘पुन्हा भेट दिलेला’ असे विशेषण लागते, आणि लिंबाच्या तार्तचे (टार्टचे) कवच, मलई व फेस वेगवेगळे वाढले की तिला ‘देस्त्रुक्त्युरे’ म्हणजे ‘रचना मोडलेली’ म्हणतात. पहिल्यासाठी मराठीत ‘नव्या रूपातील’ पुरेसे आहे. दुसऱ्यासाठी ‘सुटा मांडलेला’ म्हणावे. समीक्षेतली ‘विरचना’ (डीकन्स्ट्रक्शन) जेवणाच्या ताटात आणू नये, ती पचायला जड जाते.

कलाकारांच्या बाबतीत मात्र मला ‘मांडणे’ हे क्रियापद सर्वांत योग्य वाटते, कारण आपण चूल मांडतो, विचारही मांडतो आणि दृश्यकलेतल्या एका प्रकाराला (इन्स्टॉलेशनला) ‘मांडणशिल्प’ म्हणतो. स्वयंपाक, युक्तिवाद आणि कलाकृती या तिन्ही ठिकाणी वावरणारा दुसरा शब्द मला सुचत नाही.

कादेर आत्तिया यांची 2009 सालची कलाकृती पाहिली की हे पटेल. 1970 साली पॅरिसलगतच्या उपनगरात अल्जेरियन कुटुंबात जन्मलेल्या या फ्रेंच कलाकाराने अल्जेरियाच्या म्झाब खोऱ्यातील गार्दाया या जुन्या शहराची प्रतिकृती शिजवलेल्या कुसकुसची (गव्हाच्या रव्याच्या बारीक दाण्यांची) उभारली आणि शेजारच्या भिंतीवर ल कॉर्बुझिए व फेर्नां पुइयाँ या वास्तुरचनाकारांची छायाचित्रे लावली. ल कॉर्बुझिए 1931 साली गार्दायाला गेले होते आणि तिथल्या घरांचा त्यांच्यावर प्रभाव पडला होता. म्हणजे आधुनिक म्हणून मिरवलेल्या वास्तुकलेवर अल्जेरियासारख्या फ्रेंच वसाहतीचे ऋण आहे, असे ही कृती सांगते. प्रदर्शनाच्या काळात कुसकुस वाळते, तडकते आणि भिंती ढासळतात. कुसकुस मूळची उत्तर आफ्रिकेची (2020 साली युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत ती अल्जेरिया, मोरोक्को, ट्युनिशिया आणि मॉरिटानिया यांच्या संयुक्त नावाने नोंदली गेली), पण आज ती फ्रान्समध्ये इतकी रुळली आहे की तिला परकी म्हणणे अवघड आहे. इथे पदार्थाची पाककृती बदललेलीच नाही, त्यामुळे ‘नवा आविष्कार’ किंवा ‘रूपांतर’ हे शब्द चुकीचे ठरतात. बदलली आहे ती त्याची जागा आणि त्याच्याकडून वदवलेली गोष्ट.

खाद्यपदार्थांतून इमारती उभारण्याची हौस फ्रान्सला जुनीच आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी मारी-आंत्वान कारेम यांनी वास्तुचित्रे अभ्यासून साखर व पिठाची देवळे आणि भग्नावशेष मेजवान्यांसाठी रचले होते. ते वैभव दाखवण्यासाठी होते, आत्तियांचे शहर प्रश्न विचारण्यासाठी आहे.

मोरी साको यांच्यासारख्या बल्लवाबद्दल लिहायचे असेल, तर शब्द बदलावा लागेल. 2020 साली पॅरिसमध्ये सुरू झालेल्या ‘मोसुके’ या त्यांच्या उपाहारगृहात फ्रेंच पद्धती, पश्चिम आफ्रिकेची चव आणि जपानी घटक एकत्र येतात. त्याला ‘मिलाफ’ म्हणणे अचूक होईल.

तेव्हा विचारलेले वाक्य मी असे लिहीन: ‘आजचा फ्रान्स कोणाकोणाचा आहे हे दाखवण्यासाठी तेथील कलाकार पारंपरिक पदार्थांची नवी मांडणी करत आहेत.’ आणि शीर्षकात ‘पुनःकल्पना’च हवी असेल, तर विसर्गाच्या जागी अपूर्णविराम (:) टंकला जाणार नाही, एवढे पाहावे.