बेकारी भत्ता भीक नाही, आणि जनरेटर रिपेअर "वगैरे" नाही

टाम्पाहून एका आईचं पत्र आलंय. मुलगा २२ वर्षांचा, यूएस आर्मीतली चार वर्षांची टर्म पूर्ण करून दोन महिन्यांनी घरी येतोय. वडिलांचं म्हणणं, आल्या आल्या कॉम्प्युटर सायन्सला ॲडमिशन घ्यायची, आणि बेकारी भत्ता म्हणजे भीक, आपल्या घरात कुणी घेतला नाही. आई विचारतात, नोकरी स्वतःहून सोडली, पगारातून त्यासाठी कधी काही कापलं नाही, मग भत्ता मिळतो का आणि किती?

ताई, पैशाचं सांगतेच, पण मला टोचलं ते वेगळंच. एवढ्या मोठ्या पत्रात मुलगा चार वर्षं काय करत होता ते फक्त कंसात, "जनरेटर रिपेअर वगैरे". अहो वगैरे काय? लष्करात जनरेटर बंद पडला की रेडिओ बंद, दवाखाना बंद, आणि तो चालू करायला ऑइलने हात माखून जो बसतो तो तुमचा मुलगा. तुमच्या फ्लोरिडात वादळात लाईट गेली की हॉस्पिटलं कशावर चालतात? साहेबांना हे एकदा विचाराच.

आता तो गैरसमज. माजी सैनिकांचा भत्ता केंद्र सरकारच्या पैशातून येतो, राज्य फक्त वाटप करतं, आणि पगारातून कपात अमेरिकेत बहुतेक राज्यांत कुठल्याच नोकरदाराची होत नाही, त्यामुळे कापलं नाही म्हणून हक्क नाही असं काही नसतं. पहिली टर्म पूर्ण करून मानाने बाहेर पडला तर ते "स्वतःहून सोडलं" यात धरतच नाहीत. रेट मात्र ज्या राज्यात अर्ज करतो तिथला लागतो आणि फ्लोरिडाचा खूप कमी आहे, आठवड्याला जास्तीत जास्त २७५ डॉलर, राज्यातली बेरोजगारी ५ टक्क्यांच्या आत असेल तर १२ आठवडेच. म्हणजे सगळे मिळून ३,३०० डॉलर, वर टॅक्स, आणि दर आठवड्याला साधारण पाच ठिकाणी काम शोधल्याची नोंद द्यायची. एवढी धावपळ करून मिळतात त्या पैशांना भीक म्हणणं मला अजिबात पटत नाही.

फुलटाइम कॉलेज लगेच सुरू केलं तर "कामाला हजर राहू शकतो" या अटीत तो अडकू शकतो. आणि घाई कशाला? २०१३ पासून बाहेर पडलेल्यांना पोस्ट नाईन-इलेव्हन जीआय बिलची, म्हणजे सैनिकांच्या शिक्षणाचा खर्च देणाऱ्या सरकारी योजनेची, मुदतच नाही, ३६ महिन्यांचं शिक्षण तो तिशीतही घेऊ शकतो. शिवाय त्याच बिलात अप्रेंटिसशिप करताना घरभाड्याचा भत्ताही मिळतो. पगारही आणि तो भत्ताही! मी आधी इलेक्ट्रिकल किंवा जनरेटरच्या अप्रेंटिसशिपच बघेन. सॅट या कॉलेज प्रवेशाच्या परीक्षेचं राहू द्या, फ्लोरिडातल्या स्टेट कॉलेजला त्याशिवाय घेतात.

आज त्याचा फोन आला की साहेबांना शेजारी बसवा आणि त्याला विचारा, बाळा, तुला काय करायचंय, मग उत्तर संपेपर्यंत मध्ये बोलू नका. आणि डीडी-२१४ ची, म्हणजे सैन्यातून बाहेर पडल्याच्या दाखल्याची, मेंबर-४ कॉपी जपून आण म्हणावं, छोट्या कॉपीवर कसा बाहेर पडला ते लिहिलेलं नसतं आणि अर्ज तिथेच अडकतो.