वाचक विचारतात : प्राथमिक शाळेची सहल

आमची जिल्हा परिषदेची शाळा कळंब तालुक्यात (जि. यवतमाळ) आहे. तिसरी-चौथीची ३६ लेकरं आहेत. सेवाग्राम, पवनार, दीक्षाभूमी, रमण विज्ञान केंद्र आणि अंबाझरी हे सगळं एका दिवसात दाखवा, असा पालकांचा आग्रह आहे. जमेल का? – एक शिक्षिका

ताई, बस फिरून येईल, पण लेकरांना काही दिसणार नाही. हिशेब करून बघा. ३६ लेकरं बसमधून उतरवून ओळीत मोजायला १० मिनिटं लागतात, लघवी-पाण्याला २० आणि परत चढवून मोजायला १५. म्हणजे एका ठिकाणचा पाऊण तास काही न पाहताच गेला. पाच ठिकाणी पावणेचार तास. कळंब-वर्धा-नागपूर आणि परत यात बसमध्येच सहाएक तास जातात. अंधार पडायच्या आत शाळेत पोचायचं, म्हणजे सकाळी ७ ते संध्याकाळी ६ असे ११ तास हाती. उरतो सव्वा तास, आणि जेवणही त्यातच. रात्रीचा प्रवास धरून हा हिशेब जुळवू नका. थकलेली लेकरं, थंडी आणि उसाचे-कापसाचे ट्रॅक्टर असलेला अंधारा रस्ता हे तिन्ही एकत्र नकोत.

फक्त सेवाग्राम करा, आणि वेळ उरलाच तर परतताना पवनार. पालकांना वरचा हिशेब फळ्यावर मांडून दाखवा, म्हणजे पटेल.

सेवाग्रामला काय पाहायचं हे आठवडाभर आधी वर्गात ठरवा. गांधीजी १९३६ मध्ये इथं राहायला आले तेव्हा गावाचं नाव शेगाव होतं. बुलडाण्याकडच्या शेगावशी टपालाचा घोळ व्हायचा, म्हणून १९४० मध्ये ते सेवाग्राम झालं. आपल्या लेकरांना शेगाव ठाऊक असतं, त्यामुळे ही गोष्ट लगेच डोक्यात बसते. मग प्रत्येक गटाला एकच काम द्या. एक गट बापू कुटीच्या भिंती आणि छत कशाचं आहे ते पाहील. दुसरा, आपल्या घरात असलेल्या आणि नसलेल्या वस्तूंची यादी करेल. तिसरा गट दोन वस्तू शोधेल : साप पकडून दूर नेऊन सोडण्यासाठी वापरायची पेटी आणि व्हाइसरॉयशी बोलता यावं म्हणून बसवलेला टेलिफोन. एवढ्या साध्या मातीच्या घरात टेलिफोन कशाला, हा प्रश्न लेकरं स्वतःच विचारतात, आणि तिथून बोलणं सुरू होतं. सगळ्यांना सगळं लिहायला लावलं की ती वहीत मान घालून बसतात आणि समोरची कुटी राहून जाते. आत एका वेळी सहा-सहाच पाठवा, बाकीचे झाडाखाली थांबतील. २ ऑक्टोबर आणि ३० जानेवारीच्या आसपास गर्दी असते, त्या तारखा टाळा.

पवनारला धाम नदी अगदी जवळ आहे. पाण्यात पाय बुडवायलासुद्धा खाली उतरू द्यायचं नाही, हे बसमध्येच सांगा. काठावर पोचल्यावर कोणी ऐकत नाही.

कागदपत्रांना महिनाभर आधी लागा. शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव, प्रत्येक पालकाचं लेखी संमतीपत्र, मुलांची यादी, मार्ग, वेळापत्रक आणि सोबत जाणाऱ्यांची नावं हे सगळं केंद्रप्रमुखांमार्फत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठवा. परवानगी हातात आल्याशिवाय पैसे गोळा करू नका. बेत रद्द झाला की पैसे परत करताना गावात नाहक बोलणी बसतात. एसटी शालेय सहलीसाठी प्रासंगिक करारावर (म्हणजे अख्खी गाडी भाड्यानं घेतली तर) भाड्यात ५० टक्के सवलत देते. त्यासाठी आगारप्रमुखांना मुख्याध्यापकांचं पत्र आणि यादी द्या. डिसेंबर-जानेवारीत सगळ्याच शाळा निघतात, म्हणून गाडी लवकर सांगून ठेवा. सीट किती आहेत हे आगारातच विचारा आणि मोठी माणसं धरून मोजा. तीन जणांच्या सीटवर चार लेकरं हा हिशेब चालवू नका. ३६ लेकरांमागे चार मोठी माणसं हवीत, त्यात किमान दोन बाया.

माझी मुलगी तिसरीत आहे. तिला गाडी लागते, म्हणून ती सहलीला नको म्हणते. पाठवू का? – एक आई, दारव्हा तालुका

पाठवा. गाडीत डोळ्यांना समोरची सीट स्थिर दिसते आणि कानाच्या आतल्या तोल सांभाळणाऱ्या भागाला मात्र हलणं जाणवतं. या दोहोंचा मेळ बसत नाही म्हणून मळमळतं. त्यामुळे तिला पुढच्या भागात, खिडकीशी बसवायला बाईंना सांगा. मागच्या चाकावर आणि शेवटच्या सीटवर नको, तिथं गचके जास्त बसतात. नजर दूर रस्त्याकडे असावी. पुस्तक, मोबाइल बंद.

उलटी होते म्हणून उपाशी पाठवणं ही हमखास होणारी चूक आहे. रिकाम्या पोटी जास्त मळमळतं. निघण्याच्या तासभर आधी अर्धी-एक कोरडी पोळी द्या. दूध, तळलेलं आणि चहा नको. गोळी द्यायची असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टरांना मुलीचं वजन सांगून मात्रा विचारा आणि ती निघण्याआधीच द्या. उलटी सुरू झाल्यावर दिलेली गोळी पोटात राहतच नाही. गोळीची चिठ्ठी बाईंकडे द्या, कारण शिक्षकांनी आपल्या मनानं मुलांना औषध देऊ नये. दप्तरात दुहेरी केलेल्या चार पिशव्या, एक ओला रुमाल आणि एक जास्तीचा फ्रॉक ठेवा. फ्रॉक विसरला तर पोर दिवसभर वासानं आणि लाजेनं कोपऱ्यात बसते.

जेवण घरून आणावं की तिथं करावं? – मुख्याध्यापक, बुलडाणा जिल्हा

घरून. दशमी किंवा पोळी, जवसाची वा तिळाची चटणी, कोरडी भाजी, मुरमुऱ्याचा चिवडा. रस्सा, दही आणि ओलं खोबरं नको, कारण बंद डब्यात दुपारपर्यंत आंबतं. पाणी दिवसाला लेकरामागे दीड लिटर धरा. ४० लेकरांना ६० लिटर होतं. प्रत्येकाची एक लिटरची बाटली असेल तर २० लिटरची एकच कॅन भरून न्यावी लागते. थंडीत लेकरं पाणी मागत नाहीत, म्हणून दर थांब्यावर घोटभर प्यायला लावा. रामटेक, चिखलदऱ्याला वानरं असतात, तिथं डबे बसमध्येच उघडा.

आमची शाळा दोनशिक्षकी, पट २८. डिसेंबरात कापूस वेचणी चालू, पालकांकडे वेळ नाही आणि पैसाही नाही. सहल सोडून द्यावी का? – एक शिक्षक, झरी जामणी

सोडू नका. जवळच्या जिनिंगला, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्याला, अर्ध्या दिवसाची भेट ठेवा. जो कापूस आई-बाप वेचतात तो पुढे कुठं जातो हे आपल्याच लेकरांना माहीत नसतं, ही खरी वाईट गोष्ट आहे.

आदल्या दिवशी प्रत्येकाला एक फुटलेलं बोंड आणायला सांगा. हातानं सरकी वेगळी करू द्या, दाणे मोजू द्या. सरकीला रुई किती घट्ट चिकटलेली असते हे बोटांना कळलं की यंत्र कशासाठी ते सांगावंच लागत नाही. एक क्विंटल कापसातून ३३ ते ३५ किलो रुई निघते, बाकी बहुतेक सरकी. सरकीचं पुढं तेल आणि ढेप. आपल्या गोठ्यातली ढेप यातूनच आली म्हटलं की डोळे मोठे होतात. रुईची गाठ साधारण १७० किलोची असते. वर्गातल्या किती मुलांचं वजन मिळून एका गाठीएवढं होईल, हे गणित शाळेत आल्यावर घाला.

आधी तुम्ही एकटे जाऊन या. मालकाशी बोलून गाड्यांची वर्दळ कमी असेल ती वेळ मागा. धोके चार. ट्रॅक्टर मागं घेताना चालकाला लहान पोर दिसत नाही. कापसाच्या गंजीवर चढलेलं मूल आत दबू शकतं. पट्ट्यात ओढणी किंवा मफलर अडकते. हवेत तंतू उडतात. म्हणून ओढण्या-मफलर शाळेतच ठेवा, नाकाला रुमाल बांधा, दम्याचं मूल बाहेर गाठींपाशी थांबू दे, आणि चालू यंत्र दारातूनच दाखवा. २८ लेकरांना दोघं कमी पडतात, शाळा व्यवस्थापन समितीतली एक बाई सोबत घ्या. पायी जाता येत नसेल तर एसटीनं जा. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत किंवा मालवाहू गाडीत लेकरं भरू नका, ते बेकायदा आहे आणि एका खड्ड्यात पोरं बाहेर फेकली जातात.

गर्दीत मूल हरवू नये म्हणून काय करावं? – एक पालक, शाळा व्यवस्थापन समिती, वाशीम जिल्हा

सहा-सहाचे गट करा. डोकी मोजू नका, नाव घेऊन हजेरी घ्या. डोकी मोजताना दुसऱ्या शाळेचं पोर आपल्यात धरलं जातं. हजेरी बस सुटायच्या आधी, इंजिन बंद असताना. खिशात चिठ्ठी ठेवा : शाळा, गाव आणि दोन शिक्षकांचे मोबाइल नंबर. मुलाचं नाव छातीवर लावू नका, नाव घेऊन बोलावणाऱ्या अनोळखी माणसावर मूल लगेच विश्वास टाकतं. 'चुकलो तर जिथं आहोत तिथंच उभं राहायचं' हे शाळेच्या मैदानावर दोनदा करून घ्या. तरीही मूल दिसेनासं झालं तर एकानं शेवटच्या जागी मागं जावं, एकानं प्रवेशद्वारावर उभं राहावं आणि बाकीच्यांनी उरलेली मुलं एका जागी बसवून ठेवावीत. पाच-दहा मिनिटांत सापडलं नाही तर ११२ ला फोन लावा.