वाचकांचे प्रश्न : वाइड कॅरेक्टर घ्यायचा, पण किती?

प्रश्न : आम्ही तिघं मिळून हौसेने एक छोटी प्रोग्रामिंग लँग्वेज बनवतोय, इंटरप्रिटर सी मध्ये आहे. आत्ता आमची स्ट्रिंग म्हणजे नुसते बाइट्स, त्यामुळे मराठी शब्दाची लांबी भलतीच येते. आमच्यातला एक जण म्हणतो की सी चा डब्ल्यूचार टी (wchar_t, म्हणजे एका बाइटपेक्षा रुंद, ‘वाइड’ कॅरेक्टरचा टाइप) घ्या, स्टँडर्ड लायब्ररीतल्या सगळ्या स्ट्रिंग त्याच्यावर न्या, विंडोजच्या फंक्शन्सना पण तोच लागतो, एका दगडात दोन पक्षी. करू का?

उत्तर : एकच पक्षी पडेल, आणि तोही फक्त विंडोजवर. टाइप द्या, जरूर द्या, पण सगळ्या स्ट्रिंगचा पाया त्याच्यावर घालू नका.

आधी लांबीचंच बघू. ‘क्षि’ घ्या. क, हलंत, ष आणि वेलांटी असे चार कोड पॉइंट (युनिकोडने प्रत्येक चिन्हाला दिलेला क्रमांक), यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे ते क्रमांक बाइट्समध्ये लिहायच्या पद्धतीत, प्रत्येकी ३ बाइट, म्हणजे आत्ता तुम्हाला १२ येत असणार. आता हेच वाइड करा आणि डब्ल्यूसीएसलेन (वाइड स्ट्रिंगची लांबी मोजणारं फंक्शन) चालवा, येतात ४. वाचणाऱ्याला दिसतं एकच अक्षर! म्हणजे एवढी तोडफोड करून १२ चे ४ झाले, पण हवं होतं ते १ काही आलं नाही, ते हवं असेल तर युनिकोडचे ग्राफीम क्लस्टरचे (वाचणाऱ्याला एक दिसणाऱ्या अक्षराचे) नियम लावायला लागतात आणि ते यूटीएफ-८ वर पण तितकेच नीट चालतात. आता त्या जागी एक हसरा इमोजी टाका, लिनक्सवर लांबी १ आणि विंडोजवर २. कोड तोच, उत्तरं दोन, आणि तुमच्या लँग्वेजमध्ये लिहिणाऱ्याने शिव्या कोणाला घालायच्या, तर तुम्हाला.

असं का, तर १९९१ ला युनिकोडची पहिली आवृत्ती आली तेव्हा १६ बिट सगळ्या जगाला पुरतील असं धरलं होतं, त्या भरवशावर विंडोज एनटी आणि जावा दोघांनी १६ बिटचं कॅरेक्टर घेतलं. १९९६ च्या २.० आवृत्तीने सरोगेट जोड्या (१६ बिटचे दोन तुकडे मिळून एक कोड पॉइंट) आणल्या, जागा ६५,५३६ वरून ११,१४,११२ झाल्या, पण तोवर यांचे एपीआय बाहेर पडले होते, ते बदलणार कोण. म्हणून विंडोजवर डब्ल्यूचार टी १६ बिटचा, लिनक्सवर मात्र तो ३२ बिटचा. सी च्या स्टँडर्डने साइज ठरवलीच नाही, प्लॅटफॉर्मवर सोडून दिली. अहो, लिनक्समध्ये सुद्धा इंटेलवर तो साइन्ड (ऋण आकडे धरणारा) आणि ६४ बिट आर्मवर अनसाइन्ड आहे, म्हणजे साइज जुळली तरी निर्धास्त राहायची सोय नाही.

म्हणून माझं मत, आत सगळीकडे यूटीएफ-८ ठेवा आणि वाइड टाइप फक्त सी शी बोलायच्या मॉड्यूलमध्ये द्या. वाइड टाइपच्या बाबतीत पायथनने तेच केलंय, त्याचा सी_डब्ल्यूचार हा टाइप सीटाइप्स मॉड्यूलमध्ये आहे, रोजच्या स्ट्रिंगशी त्याचा संबंध नाही. टाइपची साइज इंटरप्रिटर बिल्ड होतानाच साइझऑफने विचारून घ्या, स्वतःहून २ किंवा ४ लिहू नका. एक गोष्ट मात्र हमखास चावते, विंडोज फाइलच्या नावात एकटा पडलेला सरोगेट (जोडीतला अर्धाच तुकडा) चालवून घेतं आणि तो शुद्ध यूटीएफ-८ मध्ये बसतच नाही. रस्टने त्यासाठी ओएसस्ट्रिंग हा वेगळा टाइप ठेवलाय. तुम्ही निदान एरर तरी द्या, गुपचूप प्रश्नचिन्ह टाकलंत तर ती फाइल परत उघडणार नाही.

प्रश्न : लिनक्सवर प्रिंटएफ नंतर डब्ल्यूप्रिंटएफ (त्याचा वाइड स्ट्रिंगसाठीचा भाऊ) केलं की काहीच छापत नाही, एरर पण दिसत नाही. कंपायलरचा बग आहे का?

उत्तर : नाही, स्टँडर्डच तसं आहे. स्ट्रीमवर (मजकूर जिथे छापला जातो त्या प्रवाहावर) पहिलं जे काम होतं त्यावरून तो बाइटचा की वाइडचा ते ठरतं आणि मग ते ठरवणाऱ्या एफवाइड फंक्शनने पण बदलत नाही, फ्रीओपनने स्ट्रीम नव्याने उघडायलाच लागतो. एरर येते हो, डब्ल्यूप्रिंटएफ ऋण आकडा परत करतं, पण प्रिंटची रिटर्न व्हॅल्यू बघतो कोण! शिवाय सुरुवातीला सेटलोकेल केलं नाही तर ‘सी’ लोकेल (भाषेची मूळ, साधी सेटिंग) राहतं आणि मराठी धड उमटत नाही. आणि वाइड स्ट्रिंगला पर्सेंट एलएस वापरा, नुसता पर्सेंट एस विंडोजच्या डब्ल्यूप्रिंटएफमध्ये वाइड समजतात आणि लिनक्सवर साधा.

प्रश्न : मग सी११ मधले चार१६ टी आणि चार३२ टी घेतले तर?

उत्तर : त्यांची निदान रुंदी तरी नावातच आहे, त्यामुळे वाइडपेक्षा बरेच. पण सी च्या लायब्ररीत त्यांच्यासाठी रूपांतराची मोजकी फंक्शन्स सोडली तर फार काही नाही, छापणं, शोधणं, तुलना सगळं तुम्हालाच लिहायला लागेल. एकेक कोड पॉइंट हातात घ्यायला चार३२ टी घ्या, साठवायला नको, इंग्रजी मजकूर चौपट जागा खातो.